पीटर, क्लासचा मुलगा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय विचारला तर म्हणाले, "काहीही बोला, पण वेळेत." गुळाच्या पोळीचा वास इथवर येतोय, त्यामुळे वेळेचं मी बघते.

मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावात डचांची वखार आहे, म्हणजे आता तिच्या पडक्या भिंती. लहानपणी तिकडे जायला घरातून मनाई होती, म्हणून आम्ही हमखास जायचो. पण हे डच कोण, कुठून आले, हे विचारायचं कधी सुचलं नाही. ते सुचलं ब्रुकलिनमध्ये, साठी ओलांडल्यावर.

तिथे क्लॅरेंडन रोडवर, टायरची दुकानं आणि गाड्यांची गॅरेजं यांच्या मधोमध एक बुटकं लाकडी घर आहे. वायकॉफ यांचं घर. १६५२च्या सुमाराचं समजतात, आणि न्यूयॉर्क शहरातली सगळ्यात जुनी उभी वास्तू म्हणून ते ओळखलं जातं. शहराने १९६५ साली वारसा वास्तू जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा पहिला मान याच घराला मिळाला. मी गेले होते मुलीची गाडी दुरुस्तीला टाकायला. दोन तास लागतील म्हणाले, म्हणून समोर शिरले.

घर बांधलं पीटर क्लासेनने. मी त्याला डच म्हणते खरी, पण तो नॉर्डनच्या बाजूचा, आणि तो पूर्व फ्रिसलंडचा भाग आज जर्मनीत आहे. डचांच्या त्या वसाहतीत असे अठरापगड लोक होते. १६३६च्या ऑक्टोबरात तो 'रेन्सेलार्सवाइक' नावाच्या जहाजावर चढला. मिसरूडही धड फुटलं नसेल. जहाज न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, लागलं ते पुढच्या वर्षी मार्चमध्ये. वाटेत वादळात एका बाईला मुलगा झाला, त्याचं नावच 'स्टॉर्म' ठेवलं. वादळ! आपल्याकडे कोणी 'तुफान' ठेवलं असतं, तर आत्याने बारशातच भांडण काढलं असतं.

पीटर निघाला होता वेठीच्या कराराने. आजच्या ऑल्बनीच्या आसपास किलियान व्हॅन रेन्सेलार याची प्रचंड जहागीर होती. हा ॲमस्टरडॅमचा हिरेमोत्यांचा व्यापारी. त्याने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नाही. तिकडे बसून पत्रं लिहायची आणि हिशेब मागायचे. आमच्या कोकणातल्या लोकांना खोत म्हटलं की बाकीचं समजावून सांगावं लागत नाही. पीटर तिथल्या एका शेतकऱ्याकडे सहा वर्षं राबला. पहिली तीन वर्षं सालाला ५० गिल्डर (हे डचांचं नाणं), नंतरची तीन ७५. सहा वर्षांचे मिळून ३७५. करार संपल्यावर त्याने स्वतः खंडाने जमीन केली आणि ग्रीट्ये व्हॅन नेस हिच्याशी लग्न केलं. ग्रीट्येचा बाप कॉर्नेलिस त्या जहागिरीतला वजनदार माणूस, आणि हा कालचा गडी.

मग ही मंडळी दक्षिणेला आली, लाँग आयलंडच्या टोकाला, नव्या आमर्सफोर्टला. पुढे इंग्रजांनी त्याला फ्लॅटलँड्स म्हटलं. जमीन सपाट आणि बरीचशी मोकळी होती. मोकळी का, तर तिथले मूळ रहिवासी लेनापी लोक आधीपासून मका पिकवत होते. शेजारी खाडीकाठची खारी कुरणं, त्यामुळे गुरांना वैरण आयती. १६५५ साली खुद्द गव्हर्नर स्टायव्हसंटची शेती आणि गुरं सांभाळायचा करार पीटरने केला. शेताला डच शब्द 'बाउवेराय'. मॅनहॅटनमधला बाउरी रस्ता तो हाच शब्द, फक्त त्यात आता शेत उरलेलं नाही. पीटर गावचा न्यायदंडाधिकारीही झाला.

घर सुरुवातीला एका खोलीचं. मातीची चोपलेली जमीन, खिडक्यांना काच नाही. आणि मुलं अकरा! मी त्या चुलीपाशी उभी राहून मनातल्या मनात अंथरुणं घालून पाहिली. बसत नाहीत.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. पीटर क्लासेन यातलं 'क्लासेन' हे आडनाव नव्हे. क्लासचा मुलगा पीटर, एवढाच त्याचा अर्थ. पीटरचा मुलगा हेंड्रिक, तो हेंड्रिक पीटरसे. म्हणजे आपलंच की, स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं! शिवाय एका मुलाचं नाव क्लास, आजोबांचं. दुसऱ्याचं कॉर्नेलिस, आईकडच्या आजोबांचं. हेही आपलंच. एक मात्र आपलं नाही: ग्रीट्ये लग्नानंतरही व्हॅन नेसच राहिली. डच बायका माहेरचं नाव लावत. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची भानगड नव्हती.

१६६४ साली इंग्रज आले. त्यांच्या कारभारात पिढ्यान् पिढ्या चालणारं आडनाव लागे. मग पीटर 'वायकॉफ' झाला. तो शब्द गावाकडच्या एका शेताचा असावा, असं एक मत आहे. ते आडनाव पुढे ज्याने त्याने कानाला येईल तसं लिहिलं आणि त्याची डझनांनी रूपं झाली. मला याचं हसू आलं, कारण या देशात उतरल्यावर एका कार्यालयात माझ्या नवऱ्याच्या वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात पडलं. दोन वर्षं आमच्याकडे सगळी पत्रं 'मिस्टर रघुनाथ' यांना यायची. सासरे तेव्हा वेंगुर्ल्यात आरामखुर्चीत बसून म्हणायचे, "अमेरिकेत माझं बरं चाललंय."

या घराची दुसरी बाजू आहे, आणि तिथल्या वाटाड्या मुलीने ती आम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितली. वायकॉफ घराण्याची शेती गुलामांच्या कष्टावरही उभी होती. १६९८च्या गणतीत किंग्ज काउंटीत, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमध्ये, २,०१७ माणसं होती आणि त्यातली २९६ कृष्णवर्णीय, बहुतेक गुलाम. १७९०पर्यंत जवळपास तीन माणसांमागे एक गुलाम. न्यूयॉर्कमधली गुलामगिरी पूर्ण संपली ती १८२७ साली. वेठीच्या कराराने आलेला पोरगा सहा वर्षांनी मोकळा होऊन गावचा न्यायदंडाधिकारी होतो. त्याच मातीत पुढे राबणाऱ्यांना ना करार, ना मुदत. त्यांच्या बापाचं नावही कोणी लिहून ठेवलं नाही. नावांचं एवढं कौतुक करून झाल्यावर हे ऐकलं आणि मी गप्प झाले.

पीटर १६९४ साली गेला. इंग्रज आल्यावरही शंभराहून अधिक वर्षं तिकडच्या चर्चमध्ये प्रवचन डच भाषेतच होई. आपल्या रविवारच्या मराठी शाळेने एवढा पल्ला गाठला तर मी वरून टाळ्या वाजवीन. घर १९०१पर्यंत कुटुंबाकडे होतं. १९३७ साली, पीटर आला त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा, वंशजांनी आपली संघटना काढली आणि पुढे घर विकत घेऊन शहराला देऊन टाकलं. बालाजीला आपण न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला जातो ना, त्याच सॉमरसेट काउंटीत वंशजांनी १७३०च्या सुमारास बांधलेलं आणखी एक घर आहे.

एका कागदाबद्दल सांगते आणि बसते. १६८७ साली इंग्रजांनी सगळ्यांकडून राजनिष्ठेची शपथ घेतली. यादीत प्रत्येकापुढे लिहिलंय, या देशात येऊन किती वर्षं झाली. पीटरपुढे आकडा ५१. त्याच्या मुलांपुढे आकडा नाही, 'इथलाच' एवढंच. माझ्यापुढे यंदा ३८ लिहावे लागतील. माझी नात समोर बसून तिळाच्या वड्या मोजते आहे, तिच्यापुढे काय येईल ते तुम्हीच बघा.

तर मे महिन्यात त्या घराला बसने जायचं ठरतंय. येणाऱ्यांनी बाहेरच्या टेबलावर नावं द्यावीत. पूर्ण नाव लिहा हो, वडिलांच्या किंवा आईच्या नावासकट.