बास्करव्हिल्सचा कुत्रा: दहशत पक्की, वारसाहक्क कच्चा

श्रोतेहो, नमस्कार. आज आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या शेरलॉक होम्सच्या रहस्यकादंबरीविषयी बोलू. १९०१च्या ऑगस्टपासून ती ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः येऊ लागली.

कादंबरी जिथे घडते तो इंग्लंडमधल्या डार्टमूरचा ओसाड माळ आपण पाहिलेला नसेल, पण खाजणात गुडघ्यापर्यंत रुतलेल्या माणसाला ग्रिम्पेनची दलदल लगेच कळते. वरून हिरवीगार, आणि डोळ्यांदेखत एक तट्टू गिळून टाकणारी! बास्करव्हिल घराण्यामागे लागलेला भुताळी कुत्र्याचा शापही, देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

एवढी दहशत उभी करूनही डॉइल पुरावा सोडत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. घराण्याचे नवे वारस सर हेन्री यांचा नवाकोरा बूट हॉटेलातून चोरीला जातो. मग तो सापडतो आणि जुना नाहीसा होतो. वाचणारा गोंधळून पुढे जातो. पण न घातलेल्या बुटाला माणसाचा वास नसतो, आणि भुताला माग काढायला वास लागत नाही! म्हणजे कुत्रा हाडामांसाचा. उत्तर आपल्यासमोर उघडं पडलेलं असतं. फाटकापाशी दोनदा गळलेली सिगारची राखही तशीच: आधीचे मालक सर चार्ल्स मेले त्या रात्री तिथे कुणाची तरी वाट बघत थांबले होते.

मधली बरीच प्रकरणं होम्स दिसत नाही, अशी तक्रार होते. मला ती पटत नाही. त्याचा मित्र वॉटसन एकटा आहे, म्हणून तर माळावरची रात्र अंगावर येते.

खरी खोट शेवटी आहे. न वाचलेल्यांसाठी गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. तो खोट्या नावाने वाड्याच्या शेजारीच राहतो, वारसांचा काटा काढू पाहतो. पण पुढे? सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवायला काय काय दाखवावं लागतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. हा शेजारी अचानक ‘मीच वारस’ म्हणाला असता, तर संशय आलाच असता. वॉटसनही हेच विचारतो. होम्स प्रश्न अवघड असल्याचं मान्य करतो आणि तीन शक्यता सांगून मोकळा होतो. खुनाचा हेतूच असा अधांतरी राहावा, हे या तोलाच्या कादंबरीला शोभत नाही.

कुत्र्याच्या तोंडाला फासलेला फॉस्फरसही पटत नाही. पांढऱ्या फॉस्फरसला लसणासारखा उग्र वास असतो, तो हवेत पेट घेतो, कातडी जाळतो. होम्स मात्र त्या लेपाला वास नाही म्हणतो.

तरीही कादंबरी जरूर वाचा, आणि दुसऱ्या प्रकरणातलं, शापाची गोष्ट सांगणारं १७४२चं हस्तलिखित घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या खाड्यांवर रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांनी तर ती दोनदा वाचावी: एकदा माळासाठी, एकदा त्या वारसाहक्कासाठी.