सालदारानं मालकाचं किती ऐकावं?

नमस्कार मंडळी. वावरं वखरून झाली, सगळ्यांचे डोळे आभाळाकडं लागलेत. अशात आजचा विषय आहे मोबाईलवर प्रश्नांची उत्तरं देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. तिनं आपलं ऐकावं, खरं बोलावं आणि आपलं भलं पाहावं, एवढंच आपलं मागणं. ऐकावं, खरं बोलावं, भलं पाहावं. पण या तिघांचं आपसात जमलं नाही, तर माघार कुणी घ्यायची?

आमच्या मोठेबाबांकडे एक सालदार होते. पाडवा ते पाडवा सालावर. एका वर्षी मृगाची पहिली सर पडली आणि मोठेबाबांना दम निघेना. "उद्या तिफन जुप," म्हणाले. सालदार काही न बोलता वावरात गेले, उकिडवे बसले, हातानं माती उकरली. वरची दोन बोटं ओली. खालचं ढेकूळ फोडलं तर आत कोरडं ठाक. तेच ढेकूळ धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणलं.

मोठीआई दारातच हळू आवाजात म्हणाली, "तिफन मोडली म्हनून सांगा न. आठ दिवस निघून जातीन."

सालदार म्हणाले, "बाई, आज भल्यासाठी खोटं बोललो, त उद्या खरं सांगतलं तरी मालकानं काहून मानावं?"

आणि ओसरीवर जाऊन ते ढेकूळ मोठेबाबांच्या हातात दिलं. "वावर तुमचं, बियानं तुमचं. तुमी म्हनान त जुपतो. पन हे पाहा."

"मी म्हंतो थे कर!"

"करतो. पन बांधाकडले दोन एकर उद्या, बाकीचं आठ दिसानं."

मोठेबाबा कुरकुरले, पण कबूल झाले. तुम्हाला वाटेल, पावसानं दडी मारली असेल. नाही. चौथ्या दिवशी धो-धो आला आणि त्या दोन एकरांत ज्वारी झकास उगवली.

तर सालदारांचा अंदाज चुकला. वागणं चुकलं नाही. खरं सांगितलं, पुरावा हातात दिला, फसवलं नाही आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवला.

आता यंत्र. त्याला शिकवताना माणसं उत्तरांना पसंती देतात आणि पसंतीचं उत्तर ते पुन्हा पुन्हा देऊ लागतं. गोड उत्तर सगळ्यांनाच आवडतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीची सुधारलेली आवृत्ती काही दिवसांतच मागं घ्यावी लागली, कारण ती ज्याच्या-त्याच्या हो ला हो करत होती. संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यांचं म्हणणं असं, की माणसाला काय हवं ते आपल्याला पक्कं कळलं, असं यंत्रानं कधी धरूच नये. मग ते विचारत राहील आणि थांब म्हटलं की थांबेल.

माझं मत सांगतो. गोडवा सोडावा लागला तर सोडा, वेग सोडा. खरं सोडू नका. पुन्हा सांगतो, खरं सोडू नका.

जिवाशी गाठ असेल तिथं मात्र ऐकणंही सोडावं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. दोन जहाल औषधं एकत्र करून किती मारू, असं कुणी विचारलं, तर यंत्रानं आकडा सांगू नये. सरळ नाही म्हणावं, आणि का नाही तेही सांगावं.

पेरणीयोग्य पाऊस म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, हे कुठलंही यंत्र पाठ म्हणून दाखवील. धन्याला घाई झालेली असताना ते काय बोलतं, हे तपासायला हवं. म्हणून माझी मागणी आहे, की शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या अशा प्रत्येक यंत्राची परीक्षा ऐन मृगात व्हावी, आपल्या वऱ्हाडी बोलीत व्हावी, आणि सरकी टोबणाऱ्या बाया व फवारणीचा पंप पाठीवर घेणारे मजूर यांच्यासमोर व्हावी.