अडीच मीटर

(दृश्य : पुणे स्टेशन, सकाळ. फलाटाला लागलेली डेक्कन क्वीन. चहावाल्यांच्या हाका.)

महिन्यातला दुसरा शनिवार. सकाळचे सात वाजलेत. माझ्या खांद्याला एक मोठी कापडी पिशवी आहे आणि ती पूर्ण रिकामी आहे. उद्या रात्री याच फलाटावर उतरताना ती भरलेली असेल.

मी सव्वीस वर्षांची. हिंजवडीत नोकरी करते. पगार झाला की खोलीचं भाडं, हप्ता, आईला पाठवायचे पैसे असं सगळं बाजूला काढते आणि साडेतीन हजार रुपये एका वेगळ्या पाकिटात ठेवते. ते माझे. त्यातून मुंबईला जायचं, मनासारखं खायचं, मनासारखं कापड घ्यायचं आणि रात्री लालबागला आजीच्या कुशीत झोपायचं. दोन वर्षांत हा शनिवार मी फार कमी वेळा चुकवलाय.

(दृश्य : खिडकीबाहेर खंडाळ्याचा घाट. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा.)

सव्वासातला गाडी सुटते. १ जून १९३० ला ही गाडी पहिल्यांदा धावली. अजूनही दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा केक कापतात. पासवाले प्रवासी इंजिनाला हार घालतात. तिला जेवणाचा डबा आहे, खराखुरा, टेबल-खुर्च्यांचा. लोणावळा गेलं की मी तिथे जाऊन बसते आणि चीज टोस्ट मागवते. गाडी घाट उतरत असते, कपातला चहा हिंदकळत असतो आणि पावसाळा असेल तर समोरच्या कड्यावरून पाण्याच्या दहा-बारा धारा एकदम दिसतात.

या घाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. माझे आजोबा हा घाट उतरले १९५८ मध्ये. पाटणजवळच्या गावातून निघालेले, अंगावरच्या कपड्यांशिवाय सोबत फक्त एक वळकटी. मुंबईत गिरणीत लागले, साचेखात्यात. म्हणजे मागावर. आयुष्यभर त्यांनी कापड विणलं.

मी तेच कापड शोधायला निघालेय असं म्हणणार नाही. त्यांची गिरणी आता नाही. पण कापडाला हात लावल्यावर माझं जे होतं ते कुठून आलंय, हे मला माहीत आहे.

(दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट. तिथून चालत जाणारी पावलं.)

साडेदहाच्या आसपास गाडी पोहोचते. स्टेशनातून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट. कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई, बांधून झाली १८६९ मध्ये. दारावरच्या कमानींमध्ये दगडात कोरलेली शेतकरी माणसं आहेत. ती शिल्पकार लॉकवुड किपलिंगची. आत शिरणाऱ्या गर्दीतलं कुणी क्वचितच मान वर करून बघतं. तुम्ही बघा.

आणि तिथून पुढे, मंगळदास मार्केट.

(दृश्य : छताखालच्या अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंना तागे. कॅमेरा हळूहळू चालतो.)

रविवारी हे मार्केट बंद असतं, म्हणून माझी गाडी शनिवारची. वर छप्पर, खाली गल्ल्या, आणि दोन्ही हातांना कापड. पांढऱ्या गादीवर दुकानदार बसलेले, मागे जमिनीपासून माळ्यापर्यंत तागे. एका गल्लीत नुसतं अस्तर. एका गल्लीत लेस. एकीकडे नुसतं ब्लाउजचं टू बाय टू रुबिया, आणि त्यात हिरव्या रंगाच्याच एवढ्या छटा की पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी ही नावंसुद्धा अपुरी पडावीत. साडीचा पदर हातात धरून बायका छटा जुळवत उभ्या असतात. ट्यूबलाइटखाली एक रंग दिसतो, उजेडात दुसराच. जाणत्या बायका ताग्याचं टोक धरून गल्लीच्या तोंडापर्यंत जातात, उन्हात बघतात आणि मगच हो म्हणतात. दुकानदार काही म्हणत नाहीत. त्यांना माहीत असतं, ही बाई घेणार.

माझी मागणी ठरलेली. चव्वेचाळीस इंच पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, आणि लांबी अडीच मीटर. तेवढ्यात गुडघ्याखाली जाणारा, लांब बाह्यांचा कुर्ता होतो. खणाचा पन्ना लहान, त्याला जास्त लागतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हा खण माझ्या आईच्या लहानपणी फक्त ओटीत आणि चोळीत दिसायचा. आता माझ्या वयाच्या मुली त्याचे कुर्ते, जॅकेटं शिवून घेतात, साड्याही निघाल्यात. मला त्याचा फार आनंद होतो. कपाटातल्या पिशवीत घड्या पडून राहण्यापेक्षा तो रस्त्यावर हिंडलेला बरा.

कच्छचं अजरख मी वर्षातून एकदाच घेते, कारण ते परवडत नाही. निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, आणि ठशानं छापलेली नक्षी. घडी उघडली की रंगांचा ओला, मातकट वास येतो. मशीनवर छापलेलं अजरख स्वस्तात मिळतं, लांबून सुंदरही दिसतं. पण हाताच्या ठशाचा एक ठिपका दुसऱ्याच्या कुठेतरी केसभर बाहेर गेलेला असतो. तो केसभर फरक सापडला की मी पाकीट काढते.

मग तो आवाज. दुकानदार गजानं मोजतो, कात्रीनं काठाला बोटभर काप देतो, दोन्ही हातांत कापड धरतो आणि… चर्रर्र. सरळ रेषेत फाटत जातं. एकदा फाडलं की ते तुमचं.

(दृश्य : गॅसच्या शेगडीजवळ धरलेला एक दोरा. ज्योत.)

सुरुवातीला मी फसले आहे. एका दुकानात शंभर टक्के सुती म्हणून दिलेला गुलाबी तुकडा मी मोठ्या कौतुकानं आजीला दाखवला. तिनं तो मुठीत चुरगळला, सोडला. एक सुरकुती नाही. तिनं काठाचा एक दोरा ओढला आणि गॅसवर धरला. दोरा आक्रसला, वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला.

"ह्ये सुती न्हाय, पोरी. वास बघ. प्लास्टिक हाय."

मग तिनं आपल्या लुगड्याचा एक दोरा काढला. तो कागदासारखा भुर्रकन जळला. राख तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटानं पुसली. भस्मासारखी पूड.

आजोबा सुट्टीच्या दिवशी तिला हे दाखवायचे. कापड उजेडात धरायचं, विणीतली भोकं बघायची. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकायचं, काय आटायचं ते आटू दे. आता बाजारात गेले की मीही हेच करते. दोरा मात्र दुकानातच जाळायला मागत नाही, तेवढा धीर अजून नाही.

(दृश्य : फालुद्याचा उंच ग्लास. तळाशी सब्जा, वर गुलाबी सरबताची रेघ.)

दुपारी पोट. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा, १९०५ पासूनचा. आधी चमच्यानं मलई, मग शेवया, शेवटी तळाचा सब्जा. ढवळायचा नाही, हा माझा नियम. पिशवी जड झालेली असते, टाचा दुखत असतात, आणि त्या ग्लासात उन्हाळ्याची दुपार विरघळून जाते.

कधी फालुद्याऐवजी धोबी तलावला कयानी. हे इराणी हॉटेल १९०४ चं. लाकडी खुर्च्या, चौकड्यांचा टेबलक्लॉथ, आणि बन मस्का. बनचा तुकडा चहात बुडवला की लोणी वितळून चहावर सोनेरी ठिपके तरंगतात. एकट्या मुलीनं टेबल अडवून अर्धा तास बसलं तरी मला कधी कुणी उठवलेलं नाही. पुण्यात शिकत असताना मी एकटीनं हॉटेलात कधीच जेवले नव्हते. लोक काय म्हणतील, असं वाटायचं. ते वाटणं मी इथे, या खुर्चीवर बसून घालवलं.

फॅशन स्ट्रीट जवळच, आझाद मैदानासमोर. पाचशे सांगितले की अडीचशेपासून सुरुवात करायची आणि पाय उचलायची तयारी ठेवायची. कानातली, पट्टे, एखादा टॉप. तिथे मी तासाभरापेक्षा जास्त रमत नाही.

(दृश्य : करी रोड स्टेशन. पुलावरून दिसणारे उंच मनोरे, मध्येच एक जुनी चिमणी.)

संध्याकाळी स्लो लोकल. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड. गिरणगाव.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी काढली, १८५४ मध्ये. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हा सगळा भाग भोंग्यावर जागा व्हायचा आणि भोंग्यावर जेवायचा. आजोबांच्या गाळ्यात वीस जण होते, पाळीपाळीनं झोपणारे. रात्रपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीचा आडवा. बायका-मुलं गावाला. मग यांना जेवू कोण घालणार? खानावळवाली.

माझी आजी खानावळवाली होती.

दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस जणांचं जेवण, दोन वेळा. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. भाकऱ्या, आमटी, एक कोरडी भाजी. रविवारी मटण. पैसे महिन्याच्या महिन्याला, कधी उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना सावकाराच्या दारातून उचलून बँकेच्या दारात नेलं. आजीनंही त्यातून कर्ज घेतलं, भांडी घेतली. सही करायला ती तेव्हा शिकली. पासबुक अजून तिच्या पेटीत आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या घरात कामगार गिरण्यांबाहेर पडले. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला आणि गिरण्याही विरत गेल्या. आजीचे जेवणारे गावाकडे परतले. जे राहिले त्यांना ती तीन महिने फुकट वाढत होती. "जेवत्या मानसाला उठ म्हनता येतं व्हय?" एवढंच ती त्याबद्दल बोलते. आजोबा पुन्हा कामावर गेलेच नाहीत.

लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आता मोठा मॉल आहे आणि गिरणीची चिमणी तिथेच उभी आहे. मैत्रिणींबरोबर मीही जाते तिथे. कपडे बघते, ट्रायल रूममध्ये घालून बघते, कधी घेतेही. बाहेर आले की चिमणीकडे माझी नजर जाते. मला राग येत नाही. पण इथे कापड विणलं जायचं, हे मैत्रिणींना प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं, आणि मी सांगते.

(दृश्य : रविवार सकाळ. दादर. दोन ग्लास पियूष.)

रविवारी आजीला घेऊन मी दादरला जाते. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. पंचवीस माणसांना रोज वाढणारी ही बाई ऐंशी वर्षांची होईपर्यंत कधी हॉटेलच्या टेबलाशी बसली नव्हती. पहिल्यांदा आणलं तेव्हा वेटरनं ताट समोर ठेवलं आणि ती उठून उभी राहिली. सवयीनं. कुणी जेवायला बसलं की तिनं उभं राहायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. पियूषचा पहिला घोट घेऊन तिनं डोळे मिटले. "जायफळ हाय," म्हणाली.

आता ती आठवडाभर आधी फोन करून विचारते, "येतीस न्हवं?"

घरभर कापड आणि घरभर अन्न, आणि त्यातलं काहीच आजीनं स्वतःसाठी निवडलेलं नव्हतं. लुगडी आजोबा गिरणीच्या दुकानातून सवलतीत आणायचे. जेवण, सगळे उठल्यावर उरेल ते. म्हणून गेल्या महिन्यात मी बेत बदलला. शनिवारी स्टेशनवरून आधी लालबागला गेले, टॅक्सी केली आणि तिला मंगळदासला आणलं. साठाहून जास्त वर्षं या शहरात राहून ती तिथे पहिल्यांदाच येत होती.

(दृश्य : गादीवर बसलेली आजी. तिच्यासमोर उघडलेले रंगीत तागे. निवेदन थांबते, फक्त बाजाराचा आवाज. मग पुन्हा निवेदन.)

दुकानदारानं तिला पाणी दिलं. पांढरं दाखवलं, फिकट राखाडी दाखवलं, म्हाताऱ्या बायकांना दाखवतात तसं. आजी बघत होती मागच्या फळीकडे.

"त्यो काढा."

गुलबाक्षी. उन्हात धरला तर डोळे दिपतील असा. मी काही बोलले नाही. तिनं तो मुठीत चुरगळला, सोडला, सुरकुत्या पडल्या. वर धरून उजेडात विण बघितली. मग ताग्याची किनार बोटांत घेतली आणि हळूहळू सरकवत राहिली, हातभर, दोन हात. पूर्वी किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असायचं. ती ते शोधत होती.

किनार कोरी होती. आजीनं ती एकदा अंगठ्यानं सपाट केली.

"किती देऊ, आजी?" दुकानदारानं विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग ताग्याकडे.

"अडीच मीटर," ती म्हणाली. "फाडा."