एक्सा ब्लेडची पाठ

मंडळी, पत्रिकेवर ‘आधुनिक ट्रकच्या स्पार्क प्लगचा गॅप’ असा विषय छापलाय; गॅप म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली, ठिणगी उडते ती फट. तो वाचून आमच्या एका डिझेलवाल्या मित्राचा सकाळीच फोन आला, ‘अरे, ट्रकला प्लग कुठून आला?’ त्याचंही चूक नाही. जन्मभर नोझल आणि पंप खोलले त्यानं. पण डिझेल दाबाच्या उष्णतेनं आपोआप पेटतं. सीएनजीला ठिणगी लागते. आणि सीएनजीचे ट्रक आता तुमच्याही दारात उभे राहतात. समोर मान डोलावताय, म्हणजे पटलं.

माझ्या उस्तादांच्या खिशात कायम लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडचा तुकडा असायचा, गॅप मोजायला. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, चैनीची वस्तू. ब्लेड घालायचं ते पाठीकडून. दाताकडून घातलं की डोक्यात टपली, कारण दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे वाकवलेले, तिथे जाडी फसवते. पाठ साधारण 0.65 मिलिमीटर. जुन्या पेट्रोल गाड्यांचं त्यावर भागायचं. गॅप कमी पडला तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा. हीच विद्या मी तीस वर्षं पोरांना दिली. कौतुकानं दिली.

मग एक सीएनजी ट्रक आला. प्लग नवीन, इरिडियम धातूच्या टोकाचे. मला गॅप बारीक वाटला. वाटला, मोजला नव्हता! स्क्रूड्रायव्हर मधल्या टोकावर टेकवला आणि उचकटलं. गाडी आयडलला शिवणयंत्रासारखी. मालक खूश, चहा झाला. दुसऱ्या दिवशी ती भिवंडीहून तेलाचे डबे भरून नाशिकला निघाली. सपाटीला काही नाही. कसारा घाट लागला आणि ड्रायव्हरचा फोन, ‘काका, गाडी खोकतेय.’ मी काय म्हणावं? ‘गॅस भेसळीचा असेल.’ हसू नका, तुम्हीही हेच म्हणता.

प्लग काढले तेव्हा एकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ. माझ्या स्क्रूड्रायव्हरची सही! लोड नसताना ठिणगी नीट पडत होती; घाटात थ्रॉटल उघडला, सिलिंडरातला दाब वाढला, गॅप ओलांडणं जड झालं, आणि विजेनं तडीतली सोपी वाट धरली. न जळलेला गॅस एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतो, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. त्याची किंमत मालकाला सांगताना माझा आवाज फार बारीक झाला होता. तेव्हा मिसिंगची, म्हणजे ठिणगी चुकून गाडी खोकण्याची, तक्रार आली की जागेवर रेस देऊन निकाल देऊ नका. भरल्या गाडीत बसा, चढाला जा.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. म्हणजे आता मुख्य विषय.

पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1889 मध्ये दाखवलं, की ठिणगीला किती व्होल्टेज लागेल हे दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. सीएनजी इंजिनात कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा चढं, म्हणून गॅप सहसा कमी ठेवतात. पेट्रोल गाडीच्या सवयीनं तो वाढवाल, तर मार ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइलला. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा घ्या, शेजारच्या गॅरेजचा नको.

‘नवीन प्लग सेट करूनच येतो’ हे अर्धसत्य. खोक्यात आपटलेला असतो, म्हणून प्रत्येक मोजायचा. खाली पडलेला लावायचाच नाही. मोजायला तारेचं गेज. नाण्यासारखं उतरतं गेज मध्ये सरकवू नका, ते टोकाला रेटतं. इरिडियम 2446 अंशांना वितळतं, निकेल 1455 ला, म्हणून ते टोक इतकं बारीक करता येतं. पण बारीक म्हणजे नाजूक. वाकवायची ती फक्त वरची पट्टी, तीही कंपनीची मनाई नसेल तर. मनाई असेल आणि माप चुकलं, तर प्लग परत करा.

जुने प्लगही मोजा, सिलिंडरप्रमाणे वहीत लिहा. वापरात टोकं झिजतात, गॅप उघडत जातो. एकाचाच जास्त उघडला असेल तर त्या सिलिंडरकडे बघा. काढ-घाल थंड इंजिनावर, सुरुवातीचे आटे हातानं, शेवट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं.

तारेचं गेज पहिल्या रांगेत देतोय. फिरवा, हात लावून बघा. त्याच्याबरोबर उस्तादांचा ब्लेडचा तुकडाही आहे. दोन्ही माझ्याकडे परत यायला हवेत. मागच्या तालुक्याच्या व्याख्यानात गेज परत आलं, ब्लेड गेलं होतं. हा त्याचा दुसरा अर्धा तुकडा आहे.