खुर्चीवरून उठताना

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

सत्तरीतल्या कुणालाही "व्यायाम करता का?" असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर येते : "रोज फिरायला जातो ना!" फिरणे उत्तमच आहे, त्याने दम टिकतो, झोप लागते आणि कट्ट्यावर चार माणसे भेटतात, हा लाभही मी कमी लेखत नाही. मात्र सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही, आणि उठण्याबसण्यासाठी, जिना चढण्यासाठी लागणारी ताकद तर प्रामुख्याने त्यांचीच असते. म्हणून रोज तीन किलोमीटर चालणारे गृहस्थही सोफ्यावरून उठताना हातांनी रेटा देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली, आणि तिच्याबरोबरच किमान दोन दिवस ताकदीचे व तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सुचवले. यांतली पहिली शिफारस आपल्याला पाठ असते. उरलेल्या दोन आपण सोयीस्करपणे विसरतो.

पूर्वी हे व्यायाम वेगळे करावे लागत नसत. जेवायला पाटावर बसायचे, भाजी जमिनीवर बसून निवडायची, देवपूजेला पुन्हा मांडी घालायची. दिवसातून दहा-पंधरा वेळा जमिनीवरून उठणे आपोआप होई. ओटा, जेवणाचे टेबल आणि कमोड आल्यावर ते सुटले. गुडघे दुखणाऱ्यांना ही सोय हवीच, आणि पुन्हा पाटावर बसा असे मी कुणालाही सांगणार नाही. पण जे श्रम सुटले त्यांची थोडी भरपाई खुर्चीवर करता येते.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हातांची, चाके नसलेली आणि भिंतीला टेकवलेली असावी. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते. बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, छाती पुढे झुकवावी आणि टाचांवर जोर देत उठावे. बरेच जण पाठ ताठ ठेवून सरळ वर उठू पाहतात, तिथेच अडतात. उठण्याइतकेच महत्त्व बसण्याला आहे : धपकन अंग टाकू नये, मोठ्याने तीन अंक मोजत सावकाश टेकावे. खाली येताना शरीराचा भार झेलणारे स्नायू तेच असतात, आणि मोठ्याने मोजल्यामुळे श्वास रोखला जात नाही. श्वास रोखून जोर केल्यास रक्तदाब एकदम चढतो. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन पाच वेळा पुरे. पुढे दहा, मग एकाच हाताचा आधार, मग हात छातीवर. अमेरिकेतील सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था याच हालचालीची चाचणी सुचवते : हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत ७० ते ७४ वर्षांच्या पुरुषाला १२ वेळा आणि स्त्रीला १० वेळाही उठता आले नाही, तर पडण्याचा धोका वाढला असे ती मानते.

"आता या वयात काय ताकद येणार?" असे कुणी म्हणेल. १९९० साली बोस्टनमधील संशोधकांनी वृद्धनिवासातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनांचे व्यायाम करून घेतले. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात ते व्यायाम देखरेखीखाली होते आणि सौम्य मुळीच नव्हते. घरी आपण त्याच तत्त्वाचा अगदी हलका अवतार करतो.

तोलासाठी स्वयंपाकघरातला ओटा सर्वांत विश्वासू. चहा उकळेपर्यंत शेगडीपासून दूरच्या टोकाला ओटा धरून दोन्ही टाचा उचलाव्यात, खाली टेकवाव्यात. ते जमले की एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावून एका रेषेत दहा सेकंद उभे राहावे. पायात मोजे नकोत, खाली पायपुसणे नको. हातांसाठी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पुरते, त्यावर अधिक वेळ घेत नाही.

व्यायामाने वाढलेले गुडघ्याचे दुखणे दोन तासांनंतरही टिकले, तर दुसऱ्या दिवशी संख्या कमी करावी. छातीत दुखले, भोवळ आली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा हाडे ठिसूळ झालेल्यांनी आधी विचारूनच सुरुवात करावी.

आता तासभर आपण सारे बसून आहोत. इतका वेळ बसून एकदम उठले की काहींचा रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बसल्या बसल्याच पावले घोट्यातून दहा वेळा वर-खाली करा, हातांचा आधार घेऊन उठा, आणि उभे राहिल्यावर खुर्ची धरूनच दहा अंक मोजा. चहा मागच्या बाजूला ठेवला आहे. घाई नको, सर्वांना पुरेल.