दाब कुठं मोजायचा?

(पहाट. बेळगावच्या वडगावातली गल्ली. नळाखाली घागर.)

आधी नळ फुरफुरतो, हवा सुटते, मग धार लागते. "आज पाणी लईच बारीक हाय बघा दादा," काकू व्हॉल्व्हमनला सांगतात. गल्लीच्या तोंडाशी मात्र तीच लाइन जोरात आहे. मधल्या टप्प्यात पाणी कुठं मुरतंय, ते रस्त्यावरून दिसत नाही.

बेळगावला पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून येतं. शहर चढउताराचं. टाकीपेक्षा १० मीटर खाली असलेल्या घराला चौरस सेंटिमीटरमागं साधारण १ किलोचा दाब जादा मिळतो, आणि दाब जास्त तिथं सांधे लवकर सुटतात.

गळती शोधायला दाब मोजणारा सेन्सर जलकुंभाजवळ बसवणं सोयीचं. वीज आहे, कुलूप आहे, राखणदार आहे. पण गळतीनं टाकीची पातळी लगेच ढळत नाही, म्हणून तिथला आकडाही हलत नाही. फुटलेल्या जागेपर्यंत जादा पाणी धावतं. प्रवाह दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब साडेतीन पटींवर जातो. त्याचा फटका बसतो पुढच्या घरांना. काकूंच्या नळाला.

व्हॉल्व्हच्या प्रत्येक चेंबरमध्ये सेन्सर परवडत नाही. म्हणून इपॅनेटसारख्या, १९९३ पासून मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपांचं जाळं मांडून एकेका सांध्यावर खोटी गळती लावून बघतात. सर्वांत जास्त गळत्या जिथून कळतात, ती पहिली जागा. दुसरी निवडताना मात्र पहिलीला न दिसलेल्या गळत्याच मोजायच्या. शेजारशेजारचे दोन सेन्सर एकच गोष्ट दोनदा सांगतात.

आणि नकाशात उघडा दाखवलेला व्हॉल्व्ह जमिनीखाली अर्धा बंद असेल, तर सगळं गणित चुकतं. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरतो, कुठला डांबराखाली गेला, हे व्हॉल्व्हमनला ठाऊक असतं. आधी त्याच्याबरोबर गल्लीगल्ली चालायला हवं. हे काम कुणीही टाळू नये.

जिथं काही दिवसांआड पाणी येतं, तिथं रिकाम्या पाइपात सेन्सर शून्य दाखवतो. लाइन भरेपर्यंतचे आकडे बाजूला ठेवावे लागतात. गळतीच्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, ते वेगळंच. बेळगावच्या काही भागांत २००८ मध्ये चोवीस तास पाणी सुरू झालं. अशा भागात रात्री दोन ते चार ही खरी वेळ. नळ बंद असतात. तरी वाहतं, ते बहुतेक गळतीचं.

(रात्र. चेंबरचं झाकण उघडं, बॅटरीचा उजेड.)

गळतीची नक्कल म्हणून लाइन धुण्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम थोडा उघडला आहे. मोबाइलवर दाबाच्या दोन रेघा. टाकीजवळची सरळ चालली आहे. गल्लीच्या शेवटची खाली आली.

"हितंच बसवा," व्हॉल्व्हमन सांगतो.