तीन दाखले, तीन नावं

(टेबलावर तीन जुने कागद. कडा पिवळ्या पडलेल्या.)

हे बाप्तिस्म्याचे दाखले आहेत. पहिला माझ्या आजोबांचा, दुसरा वडिलांचा, तिसरा माझा. गाव एकच, चर्च एकच. ज्या दगडी कुंडातलं पाणी आमच्या डोक्यावर पडलं, ते कुंडसुद्धा एकच. पण कागदाच्या माथ्यावर छापलेलं नाव बघा. आजोबांच्या दाखल्यावर आहे 'अमेरिकन मराठी मिशन'. वडिलांच्या दाखल्यावर 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'. माझ्यावर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'. आम्ही रविवारी बसायचो तो बाकही बदलला नाही, आणि तीन पिढ्यांना तीन नावं लागली.

लहानपणी मी वडिलांना विचारायचो, आपण नेमके कोण? ते म्हणायचे, "आपण मिशनचे." नगर जिल्ह्यातल्या खेड्यात तेवढं सांगितलं की पुरायचं. समोरच्याला कळायचं.

(जुना नकाशा. बोट नगरवरून कोल्हापूरकडे, तिथून जालन्याकडे सरकतं.)

हे 'मिशनचे' म्हणजे कोणाचे, हे बहुतेकांच्या बाबतीत तालुक्यावरून ठरलं. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. १८३१ मध्ये ते नगरला आलं, पुढे सातारा, सोलापूर. कोल्हापूर अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे गेलं, नागपूर आणि जालना स्कॉटिश मिशनकडे, डहाणूचा पट्टा ब्रदरन मिशनकडे. एकमेकांच्या शेतात नांगर घालायचा नाही, असा मिशनांनी आपसात समझोता केला होता. म्हणजे माझ्या पणजोबांचं गाव दक्षिणेला कोल्हापूरकडे असतं, तर आम्ही प्रेसबिटेरियन झालो असतो.

यावरून कोणी म्हणेल, मग या नावांत काय एवढं? परक्या देशातून आलेली लेबलं, वाटून दिलेली. मला हे पटत नाही. लेबल बाहेरून आलं असेल, पण त्याखाली माणसं जगली. आजोबांच्या काळात आमची मंडळी, म्हणजे गावच्या चर्चचे सभासद, आपला पाळक, म्हणजे धर्मगुरू, स्वतः मत देऊन निवडायची. आमच्या मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेचा तो गाभाच. वर बिशप नाही, मंडळी हीच शेवटचा शब्द. त्या काळात गावात ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्यांना चर्चच्या सभेत हात वर करून मत देता येत होतं. आजोबांसाठी 'अमेरिकन मराठी मिशन' या शब्दांत तो वर केलेला हात होता. प्रेसबिटेरियनांकडे वडीलजनांच्या सभा कारभार बघत. अँग्लिकनांकडे बिशप. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत, त्याने मोठं होऊन स्वतः मागायला हवा. पाणी कोणावर, कधी आणि किती, आणि पाळकाला नेमायचं कोणी, हे सगळं त्या नावात बांधलेलं असतं.

(नागपूर, सदर. ऑल सेंट्स कॅथेड्रल.)

२९ नोव्हेंबर १९७०. नाताळाआधीच्या आगमन काळाचा पहिला रविवार. नागपूरच्या या आवारात सहा चर्च एक झाली. एक अँग्लिकन. दुसरी वडिलांच्या दाखल्यावरची युनायटेड चर्च, जी काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मिळून १९२४ मध्ये झाली होती. शिवाय बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चालू होती. एकेचाळीस वर्षं! ज्यांनी सुरुवात केली त्यातले कितीतरी हा दिवस बघायला उरले नव्हते. शेवटी तोडगा निघाला तो मोठ्या मनाचा होता. बिशपपद सगळ्यांनी मान्य करायचं, आणि बाळाचा बाप्तिस्मा व मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही ग्राह्य धरायचे. मी या ऐक्याच्या बाजूचा आहे, हे इथेच सांगून टाकतो. एकाच गावात दोन मंडळ्यांनी एकमेकांच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, न बसणं, हे मला कधीच बरोबर वाटलं नाही.

पण नाव? दक्षिणेत १९४७ मध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' झालं होतं, त्याच्या जोडीला हे 'नॉर्थ'. कोल्हापूरचा शेतकरी एका सकाळी उत्तर भारतीय झाला. आणि बोलताना तर ती तीनच अक्षरं राहिली, सी.एन.आय. आजोबा ती म्हणायला शिकले, पण त्यांत त्यांना स्वतःचं काही ऐकू आलं नाही.

वाटाघाटींत शेवटपर्यंत असलेलं सगळ्यांत मोठं चर्च तर आलंच नाही. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐनवेळी नकार दिला, आणि १९८१ मध्ये ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वायत्त झाले. नावात 'मेथडिस्ट' राहिलं.

(नदी. संध्याकाळ. नंतर घंगाळ, पाण्याचा तांब्या, पांढरा पंचा.)

ब्रदरनांची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. १७०८ मध्ये जर्मनीत श्वार्झेनाऊ गावी एडर नदीत आठ माणसांनी बाप्तिस्मा घेतला. तिथून हा पंथ सुरू झाला. यांच्या बाप्तिस्म्याची रीत वेगळी. पाण्यात गुडघे टेकायचे आणि तीन वेळा पुढच्या बाजूने बुडायचं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने एकेकदा. आणि प्रीतिभोजन. त्या रात्री भाकर मोडण्याआधी ते एकमेकांचे पाय धुतात. शेजारी बसलेल्याचा पाय हातात घ्यायचा, भेगा पडलेली टाच, बोटांमधली माती, सगळं धुवायचं, पंचाने टिपायचं. मग उठून गळाभेट. आमच्याकडे हे नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

हे लोक १८९० च्या दशकात वलसाडला आले, तिथून गुजरातेत आणि खाली डहाणूपर्यंत पसरले. १९७० मध्ये त्यांच्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्चने विलीनीकरणाचा ठराव केला. पण काहींनी ते मानलं नाही. ते म्हणाले, आम्ही ब्रदरन आहोत आणि ब्रदरनच राहणार. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी झालेला धर्मादाय न्यास नुसत्या ठरावाने विसर्जित होत नाही आणि त्याची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. निकालात जमिनी आणि इमारती आहेत. पण एवढी वर्षं माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढली ती फक्त जमिनीसाठी, असं मी मानायला तयार नाही. त्या घंगाळाचाही तो खटला होता.

(सातारा.)

आपल्याकडे या सगळ्या नावांच्या पलीकडे जाऊ पाहणारा एक माणूस होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ मध्ये ते सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत, ही त्यांची ओढ. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण बघा, त्यांनी शोधलेलं नाव मराठी होतं. कुठल्या देशाचं नाही, दिशेचं नाही, खेड्यातल्या म्हातारीलाही एकदा ऐकून कळेल असं. आणि त्यांची भजनं आज मराठी मंडळ्यांत सगळीकडे गायली जातात. गाताना कोणी विचारत नाही, तुम्ही कुठल्या मिशनचे.

(पुन्हा टेबल. तीन दाखल्यांशेजारी चौथा कागद.)

हा माझ्या मुलीचा दाखला. माथ्यावर तेच, 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'. ती बाळ असताना वडील तिला कडेवर घेऊन उभे होते. उपासना संपल्यावर ते पाळकसाहेबांजवळ गेले आणि म्हणाले, "साहेब, खाली एक ओळ लिहाल का?" पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं. छापलेल्या नावाखाली जागा कमी होती, म्हणून शेवटची अक्षरं कडेला दाटीने आली आहेत. 'पूर्वीचे अमेरिकन मराठी मिशन.'